पोच आणि पोचा

बावीस वर्षं मी आवक-जावक विभागात आहे. बाहेरून आलेला कागद घ्यायचा, त्यावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा आणि आणणाऱ्याच्या हाती पोच द्यायची, एवढंच माझं काम. कागदात काय लिहिलंय याच्याशी माझा संबंध नसतो. आमची ही म्हणते, सगळ्या जगाला पोच देणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र कशाचीच पोच नाही. हा विनोद तिने लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा केला आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या पाहुण्यासमोर तो ताजा करून वाढते. मीही हसतो, कारण न हसलं तर तो खरा ठरतो. पण गेल्या महिन्यात या शब्दाला एक काना लागला, पोचेचा पोचा झाला, आणि मग मला हसता येईना.

तो पोचा होता माझ्या सासऱ्यांच्या गाडीला. तिला गाडी म्हणायचं ते केवळ चाकं आहेत म्हणून. मागे उघडा हौदा, पुढे दोन माणसांची जागा, माझ्या कमरेपर्यंत येणारी चाकं आणि समोर जाड पोलादी बंपर. घरात सगळे तिला ‘धूड’ म्हणतात. सासरे डोंगरात रस्ते आखणारे इंजिनिअर. जिथे रस्ता नाही तिथे आधी जायचं आणि मग रस्ता कुठून न्यायचा ते ठरवायचं, अशी त्यांची नोकरी, आणि ती त्यांनी या धुडात बसून केली. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांचा पडदा झिजत चाललाय, आता गाडी चालवणं बंद. सासऱ्यांनी वाद घातला नाही. त्याच आठवड्यात ते आमच्याकडे आले आणि किल्ली माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली. टेबलावर ठेवलेली वस्तू परत उचलता येते, म्हणून असेल.

“जावईबापू,” ते म्हणाले, “चालवा, धुवा, रंगवा, वाटेल ते करा. फक्त बंपरचा डावीकडचा पोचा तसाच राहू द्या.”

त्या पोच्याची कथा मला माहीत होती. ही एकोणीस वर्षांची असताना याच धुडावर गाडी शिकत होती. शेजारी तिची आई बसली होती. वळणावर मैलाचा दगड आला, हिने तो न्याहाळून पाहिला आणि नेमका त्याच्यावरच गाडी घातली. सासरे मागून चालत येत होते. धावत पोहोचले तेव्हा मुलगी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होती आणि आई दार उघडून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. सासूबाई जाऊन आता चार वर्षं झाली. धुडाचं इंजिन दोनदा बदललं, दारं बदलली, रंग तीनदा लागला, पण त्या पोच्याला सासऱ्यांनी कोणा मेकॅनिकला बोट लावू दिलं नाही. गाडीत बसण्यापूर्वी ते बंपरवरून हात फिरवत पुढे जात, आणि पोच्यापाशी हात किंचित थांबे. डोळे चांगले होते तेव्हाही ते असंच करत.

अशा गाडीचा मी बाराव्या दिवशी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबावर प्रयोग केला. खांब जिथे असायचा तिथेच होता, हे मी मान्य करतो. माझं म्हणणं एवढंच की धुडाच्या आत बसल्यावर धूड कुठे संपतं हे कळत नाही. आवाज मोठा झाला. खांबाचं प्लास्टर सुटून खाली आलं आणि बंपरच्या उजव्या टोकाला, माझ्या बाजूला, खोलगट पोचा पडला. ही शेजारी बसली होती. मला वाटलं, आता ही घाबरून माझा हात धरेल. ती हसत सुटली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग दार उघडून बाहेर पाय सोडून दहा मिनिटं हसली. नवरा नुकताच अपघातातून वाचलेला असताना बायकोने इतकं हसावं का, हा प्रश्न मी तिला चार-पाचदा शांतपणे विचारला. दर वेळी ती पुन्हा हसली.

पुढच्या रविवारी सासरे येणार होते. चालवता येत नसलं तरी महिन्यातून एकदा धुडात नुसतं बसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणजे माझ्या हातात नऊ दिवस होते. धुडासारख्या गाड्यांचं काम करणारं गॅरेज शहरात एकच, आणि त्याचा मालक सासऱ्यांचा तीस वर्षांचा मित्र. गाडी त्याच्याकडे नेणं म्हणजे सासऱ्यांना फोन करण्यासारखंच होतं. हिने तोच मार्ग सुचवला, की सरळ फोन करून सांगून टाका, बाबा काही खाणार नाहीत तुम्हाला. पण ज्या माणसाने डोंगरातून तीस वर्षं गाडी सुखरूप आणली, त्याला मी घराच्या खाली खांबाला धडकलो असं सांगायला माझी जीभ वळेना. मी जाहीर केलं की बंपर घरीच काढायचा, घरीच दुरुस्त करून घ्यायचा आणि घरीच बसवायचा.

बंपर आठ बोल्टवर बसलेला असतो. ते निघावेत म्हणून दोन दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्यांना तेल पाजलं. या काळात खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर रोज येऊन शेजारी उभे राहत. त्यांच्या मते बोल्ट ओढायचा नसतो, आधी हलवायचा असतो, आणि त्याच्याशी बोलत राहायचं असतं म्हणजे तो सैल होतो. मी म्हणालो, बोल्टला भीती वाटत नाही. ते म्हणाले, तुम्हाला वाटते ना, ती त्याला कळते. एक सल्ला मात्र त्यांनी गंभीरपणे दिला. “दुरुस्तीच्या आधी ठसा घेऊन ठेवा. मी देतो सामान. काढून टाकल्यावर मूळचं कसं होतं, ते कोणालाच नीट आठवत नाही.” लोखंडाचा दातासारखा ठसा घ्यायचा या कल्पनेला मी हसलो. ते हसणं मला पुढे महागात पडलं.

बोल्ट निघाले. प्रत्येकाला मी कार्यालयीन शिस्तीने चिठ्ठी बांधली आणि तिच्यावर आवक क्रमांक, दिनांक व मूळ जागा लिहिली. मग तिघांनी मिळून बंपर उतरवला, म्हणजे डॉक्टरांनी, मी आणि माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याने. तो खाली ठेवतो न ठेवतो तोच सोसायटीचे सेक्रेटरी हजर. पार्किंगमध्ये गाडी ठेवता येते, गाडीचे अवयव ठेवता येत नाहीत, असा नियम आहे म्हणाले. त्यामुळे बंपर लिफ्टमध्ये उभा राहून आमच्या बैठकीच्या खोलीत आला आणि सोफ्याच्या जागी आडवा झाला. सोफा गॅलरीत गेला. पुढचे चार दिवस आम्ही बंपरवर बसून चहा प्यायलो. हिने त्यावर नॅपकिनही वाळत घातले, आणि मला ते लागलं.

वेल्डर मिळाला. खिडक्यांच्या जाळ्या करणारा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. पण घण मारायचा तर आवाज होणार, आणि आवाजाला सोसायटीची परवानगी हवी. सेक्रेटरींनी त्याच दुपारी एक छापील नमुना तयार केला. त्याचं नाव ‘खांब-नुकसान व अनुषंगिक दुरुस्ती परवानगी अर्ज’, आणि क्रमांक एक. नुकसानीची पाहणी त्यांनी अपघाताच्या दिवशीच खांबाला पाठ लावून, गाडीकडे तोंड करून केली होती. साहजिकच त्यांच्या टिपणात आणि मग अर्जात लिहिलं गेलं: ‘बंपरच्या डावीकडील पोचा काढणे’.

इथे माझ्यातला जुना कर्मचारी जागा झाला. मी त्यांना पाव तास समजावून सांगितलं की गाडीची डावी-उजवी बघणाऱ्याची नसते, चालवायला बसणाऱ्याची असते. त्यांना मी त्यांच्याच खुर्चीत बसवलं, हातात स्टिअरिंग म्हणून ताटली दिली आणि डावा हात वर करायला लावला. त्यांना पटलं. इतकं पटलं की माणसाने आयुष्यभर शिकत राहिलं पाहिजे असं ते म्हणाले. मात्र अर्जात खाडाखोड केली तर तो बाद होतो, आणि नवा अर्ज म्हणजे समितीची पुढची बैठक, म्हणजे पुढचा महिना. तेव्हा शब्द राहू द्या, अर्थ आपल्या दोघांना कळलाय, असं ठरलं. मी सही केली आणि रीतसर पोच घेतली.

आवाजाची वेळ मिळाली गुरुवारी अकरा ते एक, आणि तेव्हा मी ऑफिसात, ही तिच्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत. परवानगी मिळाल्यामुळे बंपर सकाळीच पुन्हा खाली पार्किंगमध्ये उतरला. निघताना ही म्हणाली, पोच्यावर खडूने खूण करून ठेवा. मी परवानगीची प्रत बंपरला चिकटवत होतो. म्हणालो, कागद आहे ना. बावीस वर्षांत मी कागदावर जितका विश्वास ठेवला, तितका खडूवर कधी ठेवला नाही.

संध्याकाळी आलो तेव्हा पैसे घ्यायला परत आलेला वेल्डर, सेक्रेटरी आणि डॉक्टर खाली बंपरभोवती समाधानाने उभे होते. काम पाहून मन प्रसन्न झालं. पोचा कुठे होता हे सांगता येणार नाही इतका पत्रा सपाट झाला होता. मी बोट फिरवत दुसऱ्या टोकाला गेलो, आणि तिथे माझा पोचा होता. जसाच्या तसा होता. मी परत डावीकडे आलो. तिथे काही नव्हतं.

वेल्डरने शांतपणे सांगितलं की त्याने विचारलं होतं, डावी म्हणजे कुठली? सेक्रेटरी पुढे होऊन म्हणाले, “मीच सांगितलं. गाडीची डावी म्हणजे चालवायला बसणाऱ्याची डावी. तुम्ही स्वतः शिकवलंत.” त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या नंबरने पास झालेल्या मुलाचा आनंद होता. मी वेल्डरला म्हणालो, अहो, दोन पोचे दिसत होते, निदान फोन तरी करायचा. तो म्हणाला, तोंडी काम मी सोडलंय साहेब, कागदावर एकच होता. हेच वाक्य मी खिडकीच्या आतून लोकांना रोज ऐकवतो.

ही आली. तिने बंपरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गुडघ्यांवर बसून त्या सपाट जागेवर हात ठेवला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. वर घरी गेल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाली, “आई कशी हसायची, तो आवाज आता मला नीट आठवत नाही. पोचा दिसला की जरासा ऐकू यायचा.”

मला स्वतःची लाज वाटली. थट्टेतली नव्हे, खरी.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि गेलेला पोचा परत आणण्याच्या मागे लागलो. वेल्डरकडे गेलो. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, “साहेब, मी पोचे काढतो. पाडायला लोक आहेत.” सेक्रेटरींनी फाईल तपासून सांगितलं की समितीने पोचा काढायला परवानगी दिली आहे, घालायला दिलेली नाही, आणि तसा नमुनाही नाही. डॉक्टर मात्र मनापासून हळहळले. ठसा असता तर, एवढंच म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मोठा माणूस. शेवटी अकरा ते एकच्या दरम्यान, आवाज होऊ नये म्हणून हातोड्याला पायमोजा घालून, मी स्वतः प्रयत्न केला. पोलादाला माझा हेतू कळला नाही. दोन तासांत त्यावर गोवर उठल्यासारखे बारीक ठिपके उठले आणि माझा खांदा भरून आला. मैलाच्या दगडाला जे एका क्षणात जमलं होतं, ते मला ठरवून जमेना. ठरवून पोचा पडत नाही, हे त्या दिवशी मला कळलं. घरातल्या ज्या ज्या गोष्टी जपाव्याशा वाटतात, त्यांतली एकही कोणी ठरवून केलेली नव्हती, हेही तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं, आणि मी हातोडा खाली ठेवला.

शनिवारी आम्ही बंपर परत बसवला. तेलाने चिठ्ठ्यांवरची शाई उतरली होती आणि आठही बोल्टांची मूळ जागा एकच झाली होती, निळा डाग. जमेल तसे लावले. दोन उरले. बंपर एका बाजूने वर गेला आणि धूड एक भुवई उंचावून आमच्याकडे पाहायला लागलं. डॉक्टर म्हणाले, दात काढल्यावर काही उरलं तर आम्ही पेशंटला सांगत नाही.

त्या संध्याकाळी मी सासऱ्यांसाठी खुलासा लिहायला बसलो. तोंडाने सांगायला मला जमलं नसतं. ‘विषय: बंपरच्या डावीकडील पोचा नजरचुकीने काढला गेल्याबाबत.’ दीड पान झालं. खाली सही केली, अर्जाची प्रत जोडली. हिने तो वाचून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा एकदा शुद्धलेखन तपासलं.

रविवारी दहाला सासरे आले. पार्किंगच्या उंबरठ्यावर पाऊल टाकताच त्यांनी आमचा हात सोडला आणि सवयीने धुडाकडे गेले. बोटं बंपरवर टेकली आणि सरकू लागली. मी मागे उभा होतो. ही माझ्या शेजारी होती. हात पोच्याच्या जागी आला, पुढे गेला, थांबला, मागे आला. पुन्हा पुढे गेला. माणूस अंधारात चाचपून चष्मा शोधतो तसा तो हात शोधत होता, आणि ते मला बघवेना.

मी पुढे झालो आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि माझ्याकडे परत केला.

“मला दिसत नाही हो आता अक्षर. तुम्हीच वाचा.”

मी वाचायला लागलो. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,’ इथपर्यंत वाचलं आणि थांबलो. कागद खाली केला. “बाबा,” मी म्हणालो, “माझ्याकडून तो पोचा गेला. मी तुमच्यापासून माझी चूक लपवायला निघालो होतो, त्यात तुमची वस्तू गेली. आणता येत नाही. मी करून पाहिलं.”

ठिपक्यांवरून त्यांचं बोट फिरलं, तेव्हा करून पाहिलं म्हणजे काय ते त्यांना कळलं असावं. मग हात तसाच सरकत सरकत उजव्या टोकाला गेला आणि माझ्या पोच्यात शिरला. तो त्यांनी नीट चाचपला, खोली बघितली, कडा बघितल्या.

“हा कोणाचा?”

“माझा. त्या खांबाचा.”

“शेजारी कोण होतं?”

“ही होती.”

चेहरा माझ्याकडे न वळवता सासऱ्यांनी विचारलं, “हसली का?”

“दहा मिनिटं,” मी म्हणालो. बोलताना माझ्या आवाजात जुनी तक्रार आपोआप आली. “डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दार उघडून, पाय बाहेर सोडून. मी जिवंत आहे की नाही हे बघायच्या आधी.”

हिने स्वतःला आवरायचा खूप प्रयत्न केला. पण माझा चेहरा, ती उंचावलेली भुवई आणि हातातला दीड पानी खुलासा हे सगळं तिला एकदम दिसलं असावं. ती हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. पार्किंगच्या छताखाली तो आवाज घुमला. सासरे पोच्यात हात ठेवून, मान किंचित कलती करून ऐकत होते.

“बाबा, सॉरी,” ती डोळे पुसत म्हणाली. “मला आईची इतकी आठवण येतेय, आणि मी हसतेय. आणि तिचा आवाज तर मला आठवतसुद्धा नाही.”

“अगं, आठवायचा कशाला,” सासरे म्हणाले. “आत्ता तूच तर हसलीस.”

ती हसायची थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

थोड्या वेळाने ते दार चाचपून शेजारच्या जागेवर चढून बसले, सासूबाई बसायच्या त्या बाजूला. किल्ली हिच्या हातात द्यायला सांगितली. मला मागच्या हौद्यात जागा मिळाली, आणि माझा रेकॉर्ड पाहता ती योग्यच होती. निघण्यापूर्वी त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि तो कागद मागितला. सही कुठे करायची विचारलं. मी उतरून त्यांचं बोट धरून कोऱ्या जागेवर टेकवलं, खिशातलं पेन दिलं. वाकड्यातिकड्या, एकमेकांवर चढलेल्या अक्षरांत त्यांनी लिहिलं, ‘पोचलं’. खाली सही केली. तारीख घातली नाही, आणि मीही मागितली नाही.

तो कागद माझ्याकडे आहे. बंपर अजून तिरपा आहे, आणि दोन बोल्ट कपाटात आहेत. काल सेक्रेटरींची नोटीस आली की खांबाच्या प्लास्टरचं काय ते कळवावे. मी आवक क्रमांक घातला, शिक्का मारला आणि त्यांच्या हाती पोच दिली.